भर दुपारची सात हजार पावलं

आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे औषधांची रिकामी खोकी रचून ठेवत. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिथे सहा आया व्यायामाला जमत. त्यांना आया म्हणायचं ते कडेवरच्या बाळांकडे पाहून. बाळं क्षणभर दुसऱ्या कुणाच्या हाती दिली असती, तर त्या सहाजणींना कुणीही शाळेच्या बाकावर नेऊन बसवलं असतं. त्यांतली सर्वांत थोरली एकोणीस वर्षांची होती आणि आपल्या थोरलेपणाचा तोरा मिरवल्याशिवाय ती चटईवर बसत नसे.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मुलींनी कसरतताई हे नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांनी ते मुकाट्याने स्वीकारलंही होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, सडपातळ, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "बाळंतपण हा आजार नाही. पण शरीराने मोठं ओझं वाहून खाली ठेवलंय, तेव्हा आता घाई नको. जिला दुखेल तिने लगेच थांबायचं. जिला लाज वाटेल तिने मात्र थांबायचं नाही."

मग त्यांनी प्रत्येकीच्या कमरेला कोटाच्या बटणाएवढं एक यंत्र लावून दिलं. ते दिवसभराची पावलं मोजत असे. आठवडाअखेर त्यातले आकडे ताई आपल्या संगणकावर उतरवून घेत.

इतरजणी केंद्रातल्या नर्सबाईंच्या सांगण्यावरून आल्या होत्या. धाकटी मात्र एका कागदासाठी आली होती. दोन बहिणींतली ती धाकटी, म्हणून घरीदारी तेच नाव पडलेलं. तंत्रशाळेत फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिने पुरा केला होता. राहिली होती ती शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, कारण परीक्षेच्या महिन्यात तिचं पोट लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाइसला टेकू लागलं होतं. तिला अठरा पुरी झाली त्याच आठवड्यात मुलगी झाली. मुलीचा बाप दुसऱ्या शहरी काम शोधायला गेला होता. ते काम इतकं अवघड होतं की त्याला अजून एक पत्रही लिहायला सवड झाली नव्हती. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

मुलगी अडीच महिन्यांची झाल्यावर धाकटी तंत्रशाळेच्या मास्तरांकडे गेली. परीक्षा पुन्हा नऊ आठवड्यांनी होती. मास्तर मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा स्वभाव पडला आधी कुंपण घालून मग शेत पाहणाऱ्याचा.

"चार तास उभं राहून काम असतं," ते म्हणाले. "तू मध्येच कोसळलीस तर जबाबदारी कुणाची? आरोग्य केंद्राचा कागद आण, सक्षम असल्याचा. नाहीतर पुढच्या वर्षी ये. तंत्रशाळा कुठे पळून जात नाही."

"मीही कुठे पळून जात नाही, सर," ती म्हणाली, आणि तडक आरोग्य केंद्र गाठलं.

कागद द्यायला ताईंची ना नव्हती. अट एकच होती: नऊ आठवडे व्यायाम करायचा आणि पावलांचा आकडा आठवड्यागणिक चढता दिसला पाहिजे.

आकडे चढले. दुसऱ्या आठवड्यात दुप्पट झाले, तिसऱ्यात तिप्पट. ताईंनी भिंतीवर लावलेल्या तक्त्यात धाकटीची रेघ सगळ्यांच्या वर गेली. ती स्वतः मात्र बुचकळ्यात पडली होती. रेघ वर जात होती आणि पाठ जिथल्या तिथे होती. घरी ओट्यापाशी पाव तास उभं राहिलं की कमरेत कळ यायची आणि खाली बसावं लागायचं. यंत्र खोटं बोलत नाही हे तंत्रशाळेत तिच्या अंगवळणी पडलेलं. तेव्हा खोट असलीच तर आपल्या पाठीतच असणार, पाठच नाठाळ आहे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

चौथ्या शुक्रवारी ताईंनी तिला संगणकापाशी बोलावलं. पडद्यावर लहानमोठ्या उभ्या काड्या होत्या, तासाला एक.

"हे बघ. सकाळी चारशे. संध्याकाळी सहाशे. आणि रोज दुपारी दोन ते चार, सात हजार. भर दुपारी घोड्यावर बसतेस की काय?"

धाकटी काड्यांकडे पाहत राहिली. दुपारी दोन ते चार ती झोपलेली असे. रात्रभर मुलगी जागवायची, म्हणून दुपारी आईच तिला बळेबळे आडवी करत असे.

मागून टाचणी डोकावली. ती सहाजणींत सगळ्यांत किडकिडीत आणि जिभेने सगळ्यांत अणकुचीदार. "झोपेत चालते ही, ताई. लोक रात्री चालतात, ही दुपारी. नवा रोग आहे, तपासा हिला."

"मंगळवारी सांगते," एवढंच धाकटी म्हणाली.

त्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली, मग कूस बदलल्यासारखं करून वळली आणि डोळे किलकिले ठेवले. आई शिवणयंत्रावर शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत होती. शिवणकामावरच घराची अर्धी चूल पेटायची. उरलेली अर्धी बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम करून पेटवत. थोड्या वेळाने यंत्राची घरघर थांबली. आई चवड्यांवर चालत आली, धाकटीच्या कमरेचं बटण अलगद काढलं आणि पाळण्याच्या काठाला अडकवलं. मग पुन्हा शिवायला बसली. एक पाय यंत्राच्या पायपट्टीवर, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी. बाह्या जोडल्या जात होत्या, नात झोपत होती आणि लेक अंथरुणावर पडल्या पडल्या मैलांमागून मैल तुडवत होती.

"आई, किती झाली?"

यंत्र थांबलं. "काय किती?"

"पावलं."

आईने मागे वळून पाहिलं नाही. हातातला दोरा दाताने तोडला. "जागी होतीस तर सांगायचं. सोंग कशाला आणायचं?"

"सोंग मी आणलं?"

"तुला कागद हवाय ना? मग मिळतोय. पाळणा तर हलवायचाच असतो. त्याच्याबरोबर यंत्र हललं तर कुणाच्या बापाचं काय गेलं?"

"आणि परीक्षेला व्हाइसपुढे कोण उभं राहणार? पाळणा?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा पाठ मोडेल माझी. चार आठवडे फुकट गेले, आई. मला वाटत होतं माझ्यातच खोट आहे."

आता आई वळली. तिचा चेहरा चिडलेला असेल अशी धाकटीची अटकळ होती. पण तो घाबरलेला होता.

"खोट कशी येते ते मला विचार," ती म्हणाली. "तू झालीस ना, तेव्हा अकराव्या दिवशी कारखान्यात कापडाचे गठ्ठे उचलायला गेले मी. नाही गेले तर काम जात होतं. तेव्हापासून अंग खाली येतं माझं. खोकले तरी धसका बसतो. अठरा वर्षं झाली. तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही. आणि तू म्हणतेस लोखंड घासायला जाते, जिने चढते. डोळ्यांदेखत जाऊ देऊ?"

धाकटीने पांघरूण बाजूला सारलं. ती उठली, पाळण्याच्या काठावरचं बटण काढून तिने कमरेला लावलं आणि आईजवळ जमिनीवर बसली.

"म्हणून मला पलंगावर ठेवायचं?"

"म्हणूनच."

"मग तुझ्यासारखीच होईन मी, आई. फक्त पडून पडून."

आईने पुढची बाही ओढली आणि यंत्र इतक्या जोरात सुरू केलं की बोलणं खुंटलंच.

मंगळवारी मात्र आई नातीला घेऊन तिच्यासोबत केंद्रावर आली, बहुधा पोरगी काय बोलते यावर नजर ठेवायला. धाकटीने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. टाचणीला हसू आवरेना. तिने तोंडात दुपट्याचा बोळा कोंबला.

ताई रागावल्या नाहीत. त्या आईशेजारी चटईवर बसल्या. "तुमचं अंग चालण्याने नाही बिघडलं. कच्च्या अंगावर एकदम वजन पडलं, म्हणून बिघडलं. इथे आम्ही तेच आधी घट्ट करतो: ओटीपोट, कंबर, आतले स्नायू. मग उभं राहणं, मग चालणं, वजन सगळ्यात शेवटी. तुम्हीही डॉक्टरबाईंना दाखवा. अठरा वर्षं उशीर झालाय, पण उपाय संपलेले नाहीत."

"माझं काय आता," आई म्हणाली. "माझं सरलं."

"तुमचं वय किती?"

"बेचाळीस."

"मी चौपन्न. माझं अजून काही सरलेलं नाही."

मग ताई धाकटीकडे वळल्या. "तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. नियमात आकडा लिहिलाय. यंत्र कुठे टांगलं होतं ते नियम विचारत नाही. आहे हेच चालू ठेवलंस तर पाच आठवड्यांनी मी डोळे मिटून सही करीन."

धाकटीने मान हलवली. "नको, ताई. माप चुकीचं घेतलं की त्या वेळी कुणाला कळत नाही. जोडायला गेलं की तुकडे एकमेकांत बसत नाहीत. मग सगळ्यांना कळतं."

"म्हणजे शून्यापासून."

"शून्यापासून."

"शून्यापासून कर नाहीतर आकाशापासून कर," आई म्हणाली. "मी हो म्हणणार नाही, आणि तुझ्या या वेडापायी पाळणाही हलवणार नाही."

"नको हलवूस. मी तिला घेऊन चालेन."

आणि ती खरोखरच चालली. ताईंनी तिला आधी विचारलं, लोखंड घासताना शरीर नेमकं काय करतं ते दाखव. धाकटी उभी राहिली: डावा पाय पुढे, उजवा मागे, कोपर अंगालगत. हातात कानस आहे असं समजून तिने पुढे रेटा दिला.

"जोर दंडातून नाही येत," ती म्हणाली. "टाचेतून निघतो, कमरेतून वर चढतो. नवशिक्यांना वाटतं हात दुखतील. दुखते ती कंबर."

"मग आपण टाचेपासूनच सुरू करू," ताई म्हणाल्या आणि त्यांनी नवा तक्ता आखला. पहिला आठवडा श्वास, ओटीपोट आवळणं आणि दहा-दहा मिनिटं उभं राहणं. दुसऱ्यात वीस मिनिटं आणि सपाट रस्ता. तिसऱ्यात जिना. त्यानंतर कानस.

बाबा या भांडणात पडले नव्हते. दोन बायकांच्या मध्ये बोलणारा माणूस दोन्हीकडून बडवला जातो, असा त्यांचा जुना अनुभव होता. पण एका रविवारी त्यांनी कुठूनसा जाड फळा आणला, खिडकीखाली भिंतीला ठोकला आणि त्यावर एक जुना, जबडा किंचित खिळखिळा झालेला व्हाइस बोल्टने आवळला.

"कोपराच्या उंचीला आला का बघ," ते म्हणाले.

"बोटभर खाली हवा."

त्यांनी मुकाट्याने फळा काढून बोटभर खाली ठोकला. आई शिवत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात जिना सुरू झाला आणि अख्ख्या इमारतीला करमणूक मिळाली. टाचणी दोन गल्ल्या सोडून राहत असे. तीही येऊ लागली. दोघी छातीशी बाळं बांधून चार मजले चढत आणि उतरत. तळमजल्यावरच्या काकू दारात खुर्ची टाकून बसलेल्या असत. जाणाऱ्या-येणाऱ्याची हजेरी घेणं हे त्यांनी आपणहून पत्करलेलं काम होतं.

"काय गं, पोर जन्माला घातलं ते कमी पडलं म्हणून आता जिना झिजवताय?"

"झिजू दे, काकू," धाकटी म्हणाली. "कानस आहे माझ्याकडे. सपाट करून देईन."

"लेकुरवाळ्या बाया अशा उंडारत नाहीत. लाज वाटत नाही?"

"वाटत होती. त्या मंगळवारी सोडली."

"तुम्हीही चला ना, काकू," टाचणी वरच्या पायरीवरून म्हणाली. "खुर्चीला पाय चार आणि तुम्हाला दोन. पण खुर्ची जास्त हलताना दिसते."

काकूंनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडं होतं आणि टोमणा नवा होता. दोघींना त्याची सवय झाली. एके दिवशी काकू दिसल्या नाहीत तेव्हा टाचणी म्हणाली, चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चौथ्या आठवड्यात मुलीला ताप आला आणि तीन दिवस धाकटीने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. एकदा व्हाइसपुढे चाळीस मिनिटं झाल्यावर कळ इतकी आली की तिने कानस फेकून दिली आणि भिंतीला टेकून रडली. आईने कानस उचलून फळ्यावर ठेवली. पाण्याचा पेला आणून दिला. पुन्हा शिवायला बसली. मात्र त्या आठवड्यात ती एकटीच डॉक्टरबाईंकडे जाऊन आली, हे धाकटीला बाबांकडून कळलं, आणि बाबांना ते आईकडून कळलं होतं. त्या घरात ही लहान बातमी नव्हती.

नवव्या शुक्रवारी ताईंनी कागदावर सही केली. आकडा आधीच्या खोट्या आकड्याच्या निम्माच होता. त्यांनी लिहिलं: माझ्यासमोर दोन तास दहा मिनिटं सलग उभी राहिली.

"चार तास नाही लिहिलंत," धाकटी म्हणाली.

"चार मी पाहिले नाहीत. उरलेले तू दाखव."

परीक्षेच्या दिवशी धाकटी मुलीला टाचणीकडे सोपवायला निघाली, तर आई चपला घालून दारात उभी.

"पाळणा हलवणार नाही म्हणाले होते," आई म्हणाली. "मांडीवर घेणार नाही असं कधी म्हणाले?"

कार्यशाळेत चौदा मुलगे होते आणि ती. काम ठरलेलं होतं: लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कापायचे, एकाला खाच आणि दुसऱ्याला जीभ काढायची, आणि दोन्ही असे घासायचे की जीभ खाचेत बसवून उजेडासमोर धरली तर मधून उजेड दिसता कामा नये. मास्तरांनी ताईंचा कागद दोनदा वाचला. मग कोपऱ्यातलं स्टूल उचलून त्यांनी स्वतः तिच्या व्हाइसपाशी आणून ठेवलं.

"लागलं तर बस. मी काही म्हणणार नाही."

"बसून कानस चालत नाही, सर. तुम्हीच शिकवलंय."

"ते खरं. पण तुझी परिस्थिती..."

"माझी परिस्थिती बाहेर आजीच्या मांडीवर आहे, सर. इथे मी एकटीच आहे."

तिने स्टूल पायाने मागे सरकवलं आणि पट्टी जबड्यात आवळली.

पहिला तास सोपा गेला. आखणी, करवत, मग भरड कानस. दुसऱ्या तासाला कमरेत ओळखीची कळ आली. तिने टाच रोवली, ओटीपोट आवळलं, श्वास सोडताना रेटा द्यायचा आणि घेताना कानस मागे आणायची हा ताल धरला. कळ गेली नाही, पण वाट अडवूनही राहिली नाही. सव्वाबाराच्या सुमारास बाहेरच्या व्हरांड्यातून रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं. तिच्या अंगातल्या सदऱ्यावर दोन ओले डाग उमटले. शेजारच्या मुलाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तिने कानस पुसून ठेवली. "बाहेर जाऊन येते, सर. घड्याळ चालू राहू द्या."

बावीस मिनिटांनी ती परत आली आणि उरलेला सगळा वेळ मान वर न करता घासत राहिली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हाच तिने कानस खाली ठेवली. ती तशीच, दोन तुकडे हातात घेऊन, मास्तरांच्या टेबलापुढे रांगेत उभी राहिली.

मास्तरांनी जोड बसवली. खिडकीकडे धरली. तीन कडा काळ्याभोर. चौथ्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, केसाएवढी उजेडाची रेघ. त्यांनी व्हर्नियरने मापं घेतली, आकडे मांडले, बेरीज केली.

"चार गुण गेले. पण उत्तीर्ण आहेस. आणि चांगली उत्तीर्ण आहेस." मग त्यांनी खालच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. "सही कर."

तिने वाचलं. शेऱ्याच्या रकान्यात होतं: प्रसूतीमुळे विशेष सवलत देण्यात आली.

"कोणती सवलत, सर?"

"अगं, तू मध्ये बाहेर गेली होतीस ना."

"वेळ वाढवून दिलात का?"

"नाही."

"माप सैल धरलंत?"

"छे."

"तीन नंबरचा दोनदा बाहेर गेला. विडी ओढून आला, अर्धा तास तरी झाला असेल. त्याच्या कागदावर काय शेरा आहे?"

रांगेत कुणीतरी खोकलं. तीन नंबरचा मुलगा छताकडे पाहू लागला.

"तुझ्या भल्यासाठीच लिहिलं," मास्तर म्हणाले. "पुढे कुणी विचारलं तर सांभाळून घेतील तुला."

"सांभाळून घेतील, आणि कामाला दुसऱ्याला ठेवतील. चार गुण कापलेत ते बरोबर आहेत, सर, उजेड मलाही दिसला. पण ही ओळ खोटी आहे. मी सही करणार नाही."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्यामागे व्हरांड्याच्या दारात आई उभी होती. नात खांद्यावर झोपलेली, आणि आईचे डोळे टेबलावरच्या कागदावर.

"रांग खोळंबलीय," मास्तर म्हणाले.

"मला घाई नाही, सर. अजून दोन तास उभी राहू शकते."

हे खरं नव्हतं. गुडघे आता उघडउघड थरथरत होते, आणि मास्तरांना ते टेबलापलीकडून दिसत होतं. त्यांनी पट्टी घेतली, त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि तिच्याशेजारी, खाडाखोडीच्या नियमाप्रमाणे, आपली पूर्ण सही केली. शाई वाळेपर्यंत धाकटी तिथेच उभी राहिली. मग तिने पेन मागून घेतलं.